बुटाचा ठसा जुळला म्हणजे माणूस सापडला का? वर्गात करून बघण्यासारखं फॉरेन्सिक

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि तेव्हापासून बातम्यांमध्ये 'फॉरेन्सिक टीमने जागेवरून नमुने घेतले' हे वाक्य जास्तच ऐकू यायला लागलंय. त्याला कारण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आता असं म्हटलंय की ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकते, तिथे फॉरेन्सिक तज्ज्ञाने स्वतः जागेवर जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करून घ्यायचं. ही सोय उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय.

मग मुलं विचारतात, टीचर, नमुने म्हणजे नक्की काय घेतात? डीएनए आणि बोटांचे ठसे सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण बुटाचा ठसा हा प्रकार कुणाच्या लवकर लक्षात येत नाही, आणि खरं तर चोर हातात ग्लोव्हज घालू शकतो, तोंडाला रुमाल बांधू शकतो, पण जमिनीवर पाय न टेकता कुणी कुणाच्या घरात शिरत नाही.

मी मुंबईत शाळेत सायन्स शिकवते आणि माझं ठाम मत आहे की मुलांना फॉरेन्सिक शिकवायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. डीएनए डोळ्यांना दिसत नाही, त्याची मशिन शाळेत नसते, त्यामुळे मुलांना ते फक्त ऐकून खरं मानावं लागतं. बुटाचा ठसा दिसतो, पट्टीने मोजता येतो, आणि तो चुकीचा वाचला तर कुठे चुकलं हेही बोट ठेवून दाखवता येतं.

ठसे किती प्रकारचे असतात?

दोनच मोठे प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पाय रुततो तिथे खोली असलेला ठसा, म्हणजे चिखल, वाळू, बागेतली ओली माती. आणि पाय रुतत नाही तिथे सपाट ठसा, म्हणजे लादीवर, टेबलावर, खाली पडलेल्या कागदावर. सपाट ठशात बूट एकतर काहीतरी मागे सोडतो, धूळ, चिखल, रक्त, किंवा उलट, धुळीच्या थरातली धूळ उचलून घेऊन जातो.

यातले कित्येक ठसे आपण उभे असतो तिथून दिसतच नाहीत आणि हे दाखवायला काहीही खर्च लागत नाही. जरा धूळ बसलेल्या लादीवर एकाला चालायला सांगा, पडदे ओढा, लाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वरून बघताना जी लादी स्वच्छ वाटत होती तिच्यावर टाचेची नक्षी उठून येते, कारण तिरप्या उजेडात धुळीच्या बारीक कणांवर वेगळा उजेड-सावली दिसते. मग टॉर्च चारही बाजूंनी फिरवायचा, प्रत्येक बाजूने वेगळी रेघ दिसते. घटनास्थळावर तज्ज्ञ पण हेच करतात, तिरपा उजेड टाकून, दिशा बदलत फोटो घेतात.

फोटो घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसते. एक, ठशाच्या शेजारी पट्टी ठेवायची, आणि ठसा खोल असेल तर पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला. दोन, मोबाइल जमिनीला एकदम समांतर. जरा तिरका धरला की ठसा एका टोकाला बारीक होतो आणि मोजमाप खोटं येतं. मुलांना हे सांगू नका, करायला लावा. एकच ठसा एकाने सरळ आणि एकाने तिरका काढायचा आणि फोटोवरून लांबी मोजायची, तो आकड्यातला फरक बघितल्यावर परत सांगावं लागत नाही.

सगळे बूट एकाच साच्यातले, मग ओळख पटते कशी?

स्टाफरूममधल्या स्टीलच्या डब्यांचं बघा. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले दोन डबे अगदी सारखे असतात, तेव्हा माझा कुठला आणि तुमचा कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. दोनेक वर्षं वापरले की एकाचं झाकण सैल होतं, एकाच्या कडेला पोचा येतो, कारण तो ट्रेनच्या रॅकवरून पडलेला असतो, आणि मग आपण पोचा बघून आपला डबा उचलतो. बुटाचं तसंच आहे आणि त्याचे तीन थर आहेत.

पहिला थर म्हणजे जातीगुण: कंपनी, तळाची नक्षी, साइज. हे फॅक्टरीतूनच येतं आणि तशा हजारो जोड्या बाजारात असतात. दुसरा थर म्हणजे झीज. बऱ्याच जणांची टाच मागून बाहेरच्या कडेला जास्त झिजते, कुणाची आतून, कुणी पाय घासत चालतं. झिजेने गर्दी कमी होते पण ती संपत नाही. तिसरा थर म्हणजे अपघाती खुणा: काचेने गेलेली चीर, खिळ्याचं भोक, नक्षीत अडकलेला खडा, उडालेला टवका. या कुणी ठरवून केलेल्या नसतात, त्यामुळे त्याच जागी, त्याच आकाराची, त्याच दिशेची खूण दुसऱ्या बुटावर असणं अवघड असतं, आणि अशा चार-पाच खुणा एकत्र जुळल्या तर आणखी अवघड.

आपल्याकडे चौथी गोष्ट पण जमेस धरावी लागते, ती म्हणजे मोची. स्टेशनबाहेर बसलेल्या मोचीकाकांनी मारलेली शिलाई, ठोकलेले खिळे, लावलेला अर्धा तळ, हे सगळं हाताने केलेलं असतं आणि ठशात येतं. याचं एक जुनं उदाहरण आहे. १७८६ साली स्कॉटलंडमध्ये एका तरुण मुलीचा खून झाला, घराजवळच्या दलदलीत पळत गेलेल्या माणसाच्या बुटांचे ठसे मिळाले, त्यात नुकती दुरुस्ती केल्याच्या, खिळे मारल्याच्या खुणा होत्या. ठशांचे साचे घेतले गेले आणि तिच्या अंत्यविधीला आलेल्या पुरुषांचे बूट त्यांच्याशी ताडून बघितले. रिचर्डसन नावाच्या माणसाचे बूट जुळले आणि मग पुढे बाकीचे पुरावेही त्याच्याकडेच गेले.

स्लिपर, कोल्हापुरी आणि शाळेचे काळे बूट

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे स्पोर्ट्स शूज असतात आणि तेच बघून आपण वर्गात उतरवलं तर मुंबईतला अर्धा मुद्दा हातातून जातो. आपण काय घालतो? रबरी स्लिपर. यातल्या बऱ्याच स्लिपरचे तळ नक्षीदार रबराच्या मोठ्या शीटमधून डायने कापलेले असतात, आणि डाय दर वेळी नक्षीच्या त्याच जागी पडत नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या दोन नव्याकोऱ्या स्लिपर घ्या आणि टाचेच्या कडेला नक्षी कुठे कापली गेलीय ते बघा, एकीत चौकोन अख्खा असेल तर दुसरीत अर्धा. साच्यात ओतलेल्या तळामध्ये असा फरक येत नाही. न वापरलेल्या वस्तूतही फरक असू शकतो हे मुलांना पहिल्यांदा कळतं तो क्षण मला फार आवडतो, त्यांना ते स्वतः शोधू द्या, आधी सांगून टाकू नका.

कोल्हापुरीचं उलटं आहे. २०१९ मध्ये जीआय टॅग मिळालेली ही चप्पल हाताने बनते, चामड्याचा तळ सपाट असतो, त्यामुळे छापील नक्षी नाहीच, ठशात येते ती बाह्यरेषा, टाचेची कड आणि कधी कधी शिलाई. नक्षी नाही म्हणजे माहिती नाही असं मुलं पटकन म्हणतात, पण हाताची शिलाई आणि हाताने कापलेली कड या जोडीगणिक बदलणाऱ्या गोष्टी आहेत, फक्त त्या ठशात नीट उमटायला हव्यात.

आणि शाळेचे काळे बूट हे सगळ्यात कठीण प्रकरण, कारण अख्ख्या शाळेत एक-दोन कंपन्यांचेच बूट. समजा शाळेत १,००० मुलं आहेत, ४०० जणांची नक्षी एकच, त्यातले ६० जण सहा नंबरवाले, आणि त्या ६० मध्ये उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेले २५. आपण १,००० वरून २५ वर आलो, ही काही लहान गोष्ट नाही. पण अजून २५ जण उभे आहेत. आणि ज्याचा ठसा आहे तो या शाळेतलाच आहे हे तरी कुणी ठरवलं?

ठसा उचलायचा: शाडू, पीओपी की डेंटल स्टोन

घमेल्यात ओलसर माती किंवा परातीत शाडू माती थापून घ्या, गणपतीच्या दिवसात ती सहज मिळते आणि तिच्यात बारीक खुणाही छान येतात. त्यावर बूट घालून नेहमीसारखं चालत जायचं, मुद्दाम दाबायचं नाही.

पीओपी स्वस्त आहे, पण ते मऊ राहतं आणि माती काढायला ब्रश फिरवला की बारीक खुणा पण झिजतात. म्हणून जगभर यासाठी डेंटल स्टोन वापरतात, दाताचे डॉक्टर दातांच्या साच्यासाठी वापरतात तीच पावडर, डेंटल सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. गंमत म्हणजे रसायन दोन्हीकडे तेच आहे, दहावीच्या पुस्तकातलं कॅल्शियम सल्फेटचं हेमिहायड्रेट, पाणी घेऊन त्याचं जिप्सम होतं. फरक कणांचा आहे, डेंटल स्टोनचे कण जास्त घट्ट आणि नेटके असल्यामुळे त्याला पाणी कमी लागतं, १०० ग्रॅमला साधारण ३० मिली, तर पीओपीला ५० च्या आसपास. जास्तीचं पाणी वाळून गेलं की आत पोकळ्या राहतात आणि साचा ठिसूळ होतो. इथे दहावीचा धडा आपोआप शिकवून होतो, म्हणून 'पोर्शन राहतो' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

झिपच्या पिशवीत एक किलो पावडर, त्यात ३०० मिली पाणी, पिशवी बंद करून भज्यांच्या पिठाइतकं सरसरीत होईपर्यंत मळायचं. थेट ठशावर ओतायचं नाही, नाहीतर ओतण्याच्या धारेने खुणा मोडतात. शेजारी, खाली धरून ओतायचं आणि ते स्वतः वाहत ठशात जाऊ द्यायचं. अर्धा तास तरी हात लावू नये, आणि उचलल्यावर माती लगेच धुवायची नाही, निदान ४८ तास वाळू द्यायचं, आपल्या जुलैमध्ये त्याहून जास्तच लागतं.

दोन सूचना मात्र न चुकता पाळा. पावडर भिजवताना नाकाला मास्क हवा, आणि कुणीही गंमत म्हणून हात त्या मिश्रणात घालून ठेवू नये, घट्ट होताना ते तापतं आणि त्याने गंभीर भाजू शकतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप बंद झाला की पुढचा प्रयोग मुख्याध्यापक करू देणार नाहीत.

तुलना कशी करायची?

आता संशयित बुटाचा स्वच्छ ठसा हवा. तळाला खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात, पांढऱ्या कागदावर टाचेपासून बोटांपर्यंत नेहमीसारखं एक पाऊल, मग कागदावर कोको पावडर भुरभुरून जादाची झटकायची. कार्बन पेपरवर पाऊल टाकलं तरी चालतं. एकाच बुटाचे तीन-चार ठसे घ्या, कारण प्रत्येक ठशात सगळं उमटत नाही आणि हे कळणं हाच धडा आहे. शंभर टक्के एकसारखे दोन ठसे एकाच बुटाचे पण येत नाहीत.

मुलांचा घोटाळा होतो तो डावी-उजवीचा. बूट उलटा करून तळ बघितला तर कागदावरचा ठसा त्याची आरशातली प्रतिमा असते, पण मातीतून काढलेला साचा तळासारखाच दिसतो. म्हणून पारदर्शक शीटवर मार्करने ठसा गिरवायचा आणि ती शीट, गरज असेल तर उलटी करून, दुसऱ्यावर ठेवून सरकवून बघायची.

आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी घटनास्थळाच्या ठशातल्या खुणा लिहून काढायच्या, कागद शिक्षकाकडे द्यायचा, मगच संशयिताचा बूट हातात घ्यायचा. उलटं केलं तर बुटावर दिसलेली चीर आपल्याला पुसट ठशातही 'दिसायला' लागते. ही फक्त मुलांची अडचण नाही, २००४ मध्ये माद्रिदच्या ट्रेन बॉम्बस्फोटानंतर एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी बोटाचा ठसा चुकीच्या माणसाशी, ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकन वकिलाशी जुळवला होता आणि नंतर जाहीर माफी मागितली.

खरा बूट ढिगात नसेल तर?

इंटरनेटवर मिळणाऱ्या जवळपास सगळ्या ॲक्टिव्हिटी अशा असतात: एक ठसा, पाच बूट, ओळखा कुठला. मला हे पटत नाही. पाचातला एक बरोबर आहे हे माहीत असलं की मुलं पुरावा वाचत नाहीत, त्यातल्या त्यात जवळचा बूट निवडतात आणि टाळ्या मिळतात. खऱ्या तपासात असं वचन कुणीच देत नाही. पोलिसांनी पाच जणांचे बूट आणले म्हणून चोर त्या पाचातला असतो असं नाही.

म्हणून दर सत्रात एक डाव असा ठेवा की खरा बूट ढिगात नाहीच, आणि तो कधी येणार हे सांगू नका. त्यातला एक बूट त्याच कंपनीचा, त्याच साइजचा ठेवा. वर्गात भांडणं होतील, होऊ द्या. नक्षी जुळते, साइज जुळते, पण ठशात टाचेला टवका आहे आणि बुटाला नाही, मग? कुणी म्हणेल माती कमी होती म्हणून तसं दिसतंय, कुणी म्हणेल तो बूटच वेगळा. इथे मुलांना चार उत्तरं द्या, जुळतो, जुळत नाही, फक्त नक्षी-साइज जुळते, आणि सांगता येत नाही. शेवटच्या उत्तरालाही पूर्ण मार्क. परीक्षेत 'सांगता येत नाही' लिहायची हिंमत आपण मुलांकडून कधी करून घेतच नाही आणि मला वाटतं ते चूक आहे.

याच्या जोडीला वेळेचा प्रयोग करा. जूनमध्ये एका बुटाचा ठसा घ्या, तो बूट रोज वापरू द्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत घ्या. जुन्या चिरा पुसट झालेल्या असतात, नवीन आलेल्या असतात, अडकलेला खडा गायब असतो. गुन्ह्यानंतर काही महिन्यांनी जप्त केलेल्या बुटात फरक दिसला तर तो वेगळा बूट म्हणून आहे की मधल्या वापरामुळे, हे तज्ज्ञाला ठरवावं लागतं.

'पण कोर्टात हे चालतं का?'

चालतं, पण एकट्याच्या जोरावर नाही. सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये प्रीतम सिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये म्हटलं की पाऊलखुणांचं शास्त्र अजून प्राथमिक अवस्थेत आहे, बाकी परिस्थितीजन्य पुराव्यांबरोबर ते धरता येईल, पण फक्त त्यावर शिक्षा देता येणार नाही. १९९७ मध्ये मोहम्मद अमान केसमध्येही कोर्टाने साधारण हीच भूमिका घेतली. अमेरिकेत २०१६ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने अहवाल दिला की अपघाती खुणांवरून ठसा एका ठरावीक बुटाचाच आहे असं सांगण्याच्या पद्धतीला पुरेसा प्रयोगसिद्ध आधार मिळालेला नाही.

म्हणजे हे सगळं निरुपयोगी का? अजिबात नाही. अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवर माजी बायको आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप होता, त्या केसमध्ये रक्तातले ठसे ब्रुनो मॅग्ली या महागड्या इटालियन कंपनीच्या बारा नंबरच्या बुटाचे होते असं एफबीआयच्या तज्ज्ञाने सांगितलं. ते बूट कधी सापडले नाहीत आणि १९९५ मध्ये तो फौजदारी खटल्यात सुटला. पुढे तसेच बूट घातलेले त्याचे जुने फोटो समोर आले आणि १९९७ मध्ये दिवाणी ज्यूरीने त्याला जबाबदार धरलं. तिथे अपघाती खुणांची गरजच पडली नाही, कारण बूटच दुर्मीळ होता. तीच नक्षी आपल्या शाळेच्या काळ्या बुटाची असती तर तिला काय किंमत राहिली असती ते मुलांनाच विचारा.

आणि ठसा एखाद्याला सोडवतो पण. नक्षीच वेगळी असेल तर तो बूट तिथे नव्हता हे खूप ठामपणे म्हणता येतं.

'सीसीटीव्ही असताना कशाला?' आणि 'मुलांना चोऱ्या शिकवताय का?'

कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी असतो, खिडकीतून आत उडी मारलेल्या खोलीत नसतो. ठसे कुठून कुठे गेले, किती जण होते, कोण आधी आला, कोणाचा पाय कोणाच्या पावलावर पडला, हे जमीन सांगते. गुजरातमधल्या बनासकांठ्यातले रणछोड रबारी, ज्यांना सगळे पागी, म्हणजे माग काढणारा, म्हणून ओळखतात, त्यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धात वाळूतल्या पावलांचा माग काढून सैन्याला मदत केली. माग काढणं आणि कोर्टात ओळख सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण नजर दोन्हीकडे लागते.

चोऱ्या शिकण्याबद्दल म्हणाल तर बूट बदलायची युक्ती कुठल्याही क्राइम सीरियलमध्ये रोज दाखवतात. आम्ही शिकवतो ते पंचनाम्याचं. दोन मुलं पंच, एक लिहिणारा, ठसा कुठे मिळाला, कुणी पॅक केला, सील कुणी लावलं, कुणाच्या हातातून कुणाकडे गेला, सगळ्यांच्या सह्या. एक सही राहिली की तो मुद्देमाल त्या डावातून बाद.

मुलांच्या पायातले बूट नकोत

हे मला मनापासून सांगायचंय. सगळ्यात छान अपघाती खुणा सगळ्यात जुन्या बुटावर असतात, आणि सगळ्यात जुना बूट वर्गात कुणाच्या पायात असतो हे आपल्याला माहीत आहे. तळ उलटा करून सगळ्यांसमोर ठेवला की त्या मुलाच्या घरची परिस्थिती पण उलटी करून ठेवल्यासारखं होतं. म्हणून शिक्षकांनी घरातले, सोसायटीतले जुने बूट-चपला गोळा कराव्यात, धुवून त्यांना नंबर द्यावेत. संशयितांना पण नावं देऊ नका, मुलांची तर नाहीच, कुठल्या समाजाची वाटतील अशीही नाहीत. संशयित क्रमांक तीन, बस.

वर्गातलं कोर्ट

शेवटचा तास कोर्टाचा. ज्या गटाने तुलना केली तो साक्षीदार, दुसरा गट बचाव पक्ष. बचाव पक्षाला प्रश्न आधी शिकवावे लागतात: या नक्षीचे बूट शहरात किती असतील? तुम्ही ठसा आधी बघितला की बूट? न जुळणाऱ्या खुणा रिपोर्टमध्ये का नाहीत? बूट त्याचा आहे हे मान्य, पण तेव्हा तो त्याच्याच पायात होता कशावरून? साक्षीदार गटाला फक्त रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढंच बोलायची परवानगी. न्यायाधीश मात्र दुसऱ्या तुकडीतली मुलं बोलवा, ज्यांनी ठसा, बूट, माती काहीच बघितलेलं नाही, म्हणजे साक्षीदाराला सगळं साध्या शब्दांत समजावून सांगावंच लागतं, आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं राहून गेलं हे त्या मुलांच्या प्रश्नांतून तिथल्या तिथे बाहेर येतं.